वांझ म्हणून उपटू नका कर्टुल्याचा वेल



रोहिणी लागली, मृग दारात आला. घरोघरी बियाण्यांची गाठोडी सुटायला लागली असतील. भेंडी, गवार, दोडका कसा लावायचा हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, त्यात तुम्हीच मला शिकवाल. आज मी बोलणार आहे एका हट्टी वेलाबद्दल. कर्टुलं. कुणी कर्टोली म्हणतं, कुणी रानकारलं. विदर्भाकडे काटवल म्हणतात. हा वेल दिवाळीच्या पुढे-मागे वाळून जातो, पण मरत नाही. जमिनीखाली त्याचा कंद झोपलेला असतो, आणि वळवाचा पाऊस पडला की त्याच जागी परत कोंब काढतो. एकदा नीट रुजला की वर्षानुवर्षं पेरायचं काम नाही. पण तो नीट रुजेपर्यंत आमच्या गटाची तीन वर्षं, तीन हजार रुपये आणि एका मैत्रिणीचं मन, एवढं सगळं पणाला लागलं होतं. तीच हकीकत सांगते.

आमचं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराच्या अंगाला. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आषाढ-श्रावणात गायरानातून आणि बांधाबांधावरून पाटी भरून कर्टुली आणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात खाऊन, शेजारी वाटून, वर बाजारात विकायला उरायची. हळूहळू पाटीची अर्धी पाटी झाली, मग ओच्यात मावतील एवढीच. आत्याबाई म्हणायच्या, "लोक फळ पिकूच देत नाहीत, कोवळंच ओरबाडतात. मग बी पडायचं कुठून? आणि काही जण तर कंदच उकरून नेतात औषधाला." खरं आहे ते. एक कंद उकरला की पुढच्या कितीतरी वर्षांची भाजी गेली.

मग २०२१ च्या उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत मीच विषय काढला, की आपण परसबागेत कर्टुलं लावू. पावसाळ्यात या भाजीला चिकनच्या तोडीचा भाव मिळतो, हे काही लपलेलं नाही. आमचा गट बारा जणींचा. मी समन्वयक, बी.ए. झालेली, म्हणून माझ्या शब्दाला थोडं वजन. पण बी.ए. केलं मराठी विषय घेऊन. वेलाला नर-मादी असते हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी बारा घरांना कामाला लावलं. ही चूक माझी, ती आधीच कबूल करते.

एका बियाणं विकणाऱ्याकडून तीनशे बिया आणल्या. दहा रुपयाला एक बी. गटाच्या बचतीतून तीन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, शेकडा दोन व्याजाने. विकणारा म्हणाला होता, "ताई, शंभर टक्के मादी बी आहे." हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर तिथूनच माघारी फिरा. कर्टुल्याच्या बीकडे बघून तिच्यातून नर वेल निघेल की मादी, हे कुणालाच सांगता येत नाही. वेलाला फूल येईपर्यंत ते कळत नाही. आणि बियांपासून लावले तर साधारण निम्मे वेल नर निघतात.

आम्ही त्या बिया भेंडीसारख्या सरळ आळ्यात टोचल्या. तीनशेपैकी चौतीस उगवल्या. चौतीस! बाकीच्या जमिनीत तशाच पडून राहिल्या. उकरून पाहिल्या तर काळ्या, टणक, जशा टाकल्या तशा. आता मला त्याचं कारण माहीत आहे. कर्टुल्याच्या बीचं कवच फार कठीण असतं, आणि फळातून निघाल्यावर ती पाच-सहा महिने झोपेतच असते. त्या काळात तिला कितीही पाणी घाला, ती उठत नाही. झोप संपल्यावरही कवचातून पाणी आत शिरायला वेळ लागतो. रानात हे तिच्या फायद्याचंच आहे. मधेच एखादा अवकाळी पाऊस आला म्हणून सगळ्या बिया उगवून उन्हात जळून जाऊ नयेत, ही तिची सोय. पण आपल्याला महिनाभर मोकळं आळं बघत बसायची सवय नसते.

पुढच्या वर्षी, २०२२ ला, चौतिसातल्या एकतीस वेलांनी कंदातून परत कोंब काढले. त्यातले चौदा मादी निघाले आणि सतरा नर. हे आकडे मी आत्ता सांगते आहे. तेव्हा आमच्या लेखी चौदा वेल 'चांगले' होते आणि सतरा 'वांझ'. फुलं भरपूर, फळ एक नाही. आणि हा काही आमच्याच गावचा शब्द नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतसुद्धा फळ न धरणाऱ्या कर्टुल्याला वंध्या कर्कोटकी म्हटलं आहे, आपण बोलताना वांझ कर्टोली म्हणतो. इतक्या पिढ्या लोक त्या वेलाला वांझ म्हणत आले, आणि तो मुळात बाई नव्हताच! तो नर होता. पपईच्या लोंबत्या फुलांच्या झाडाला आपण सरळ नर म्हणतो, त्याला कुणी वांझ म्हणत नाही. कर्टुल्याच्या बाबतीत मात्र फळ नाही म्हणजे दोष बाईचा, असा हिशेब लावून लोक मोकळे झाले.

तर आमच्या बायांनी ते वांझ वेल उपटायला सुरुवात केली. जागा अडते, मांडव अडतो, खत खातो. सतरातले पंधरा गेले. दोनच राहिले, आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या अंगणात. त्यांच्या वाट्याला दोनच वेल आले होते आणि दोन्ही नर. शेळ्यांच्या गोठ्यामागे एका कडेला होते, म्हणून त्यांनी राहू दिले. त्या वर्षी गल्लीतल्या मादी वेलांना कर्टुली लागली. फार नाही, पण लागली. सगळ्यांनी खाल्ली, थोडी विकलीही. वहिनींना शेजारणींनी वाटीभर दिली.

आता पुढचं सांगायला जड जातं. वहिनींची परवानगी घेऊनच सांगते आहे. त्या म्हणाल्या, "नाव नको घेऊस, पण सांग." वहिनींच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, कर्टुल्यांचा विषय निघाला, आणि एकजण चेष्टेत म्हणाली, "वहिनींच्या अंगणात तर कर्टुलंही वांझच निघालं की!" बायका हसल्या. बोलणारी मी नव्हते. पण हसणाऱ्यांत मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कुदळ घेतली आणि दोन्ही कंद खणून उकिरड्यावर टाकले. आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

२०२३ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. जून उशिरा आला, जुलैत थोडा पडला, आणि ऑगस्ट अख्खा कोरडा गेला. तरी कर्टुल्याचे वेल तगून होते, आम्ही भांडी घासायचं पाणीसुद्धा जपून त्यांना घालत होतो. चौदाही मादी वेलांना कळ्या आल्या, फुलं आली. प्रत्येक फुलाखाली ते इवलंसं काटेरी बाळ दिसायचं, आणि दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळून जायचं. एक टिकत नव्हतं. आम्ही पावसाला दोष दिला. मग कुणी म्हणालं रोग आहे, म्हणून एकीने कीटकनाशक आणून संध्याकाळी फवारलं. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून मांडवाला काळी बाहुलीही बांधली. कर्जाचं व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला चढत होतं, आणि बैठकीत माझ्याकडे कुणी सरळ बघत नव्हतं.

सप्टेंबरात कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रशिक्षणाला मी गेले होते. विषय दुसराच होता, पण जेवणाच्या सुट्टीत मी तिथल्या ताईंना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नर वेल किती ठेवलेत?"

मी म्हटलं, "नर म्हणजे?"

मग त्यांनी समजावलं. कर्टुल्याचं शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. त्यातल्या डायोइका या शब्दाचा अर्थ आहे दोन घरांची. काकडी-भोपळ्यात एकाच वेलावर नर फुलं आणि मादी फुलं दोन्ही येतात. कर्टुल्यात नराचं घर वेगळं, मादीचं घर वेगळं. नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचला तरच फळ धरतं, नाहीतर ते काटेरी बाळ पिवळं पडून गळतं. आठ ते दहा मादी वेलांमागे एक नर वेल लागतोच लागतो.

एसटीत बसून घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त वहिनींचा गोठा होता. अख्ख्या गल्लीत कर्टुली लागली होती ती त्यांच्या त्या दोन वेलांमुळे.

आता थोडं ओळखायचं कसं ते सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. दोन्ही फुलं पिवळसरच असतात, लांबून सारखी दिसतात. मादी फुलाच्या मागे, पाकळ्यांच्या खाली, चिमुकलं काटेरी कर्टुलं असतं. फूल उमलायच्या आधी कळीलाही ते दिसतं. नर फुलाच्या मागे तसं काही नसतं. त्याचा देठ लांब आणि बारीक असतो, आणि फुलाच्या अगदी जवळ एक छोटंसं पान टोपरं घातल्यासारखं चिकटलेलं असतं. मादीलाही तसलं पान असतं, पण बारीक आणि देठाच्या बुडाशी. दोन-चार फुलं हातात घेऊन बघितली की पुन्हा कधी चुकत नाही. माझी आठवीतली पुतणी आता माझ्याआधी ओळखते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. दोडक्याची फुलं दुपार कलल्यावर उमलतात, भोपळ्याची पहाटे. आपल्या रानातल्या कर्टुल्याची फुलं उमलतात दिवेलागणीला. मंद वास सुटतो, आणि रात्रीचे पतंग त्यावर येतात. परागाची ने-आण तेच करतात. म्हणजे बघा, आम्ही संध्याकाळी फवारा मारला, तो नेमका या पाहुण्यांच्या यायच्या वेळेला! फवारायचंच झालं तर निंबोळी अर्क, आणि तोही सकाळी.

मी घरी आले त्या वेळी आमच्याकडे एकही मोठा नर वेल नव्हता. पण एक गोष्ट होती. २०२२ च्या हंगामात आत्याबाईंनी दोन फळं वेलावर पिकायला राखली होती. मी ओरडले होते, दोन फळं वाया घालवता म्हणून. त्या फळांतून चाळीस बिया निघाल्या. त्या वर्षभर जपून जूनमध्ये मी पिशव्यांत लावल्या, त्यातल्या एकोणीस उगवल्या होत्या. त्यातले काही वेल सप्टेंबरात फुलायला लागले होते. त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन मी एकेक फूल बघत बसले. सात वेलांना फुलं होती आणि त्यातले चार नर. बियांतून निम्मे नर निघतात, याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मी वहिनींच्या दारात गेले. माफी कशी मागतात ते मला नीट जमत नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुमचे वेल वांझ नव्हते, नर होते. त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना भाजी मिळाली होती. मी तुम्हाला हसले होते." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चल, दाखव काय ते."

त्यांनी बॅटरी धरली, मी नर फूल तोडलं. पाकळ्या मागे दुमडल्या की मधे पिवळी पूड दिसते. ते फूल मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं, नवरीला हळद लावताना लावतो तसं, घासायचं नाही. एक नर फूल तीन-चार मादी फुलांना पुरतं. त्या रात्री सहा फुलांना लावलं आणि ओळखीला देठाजवळ दोरा बांधला. सहातली चार टिकली. आठवड्यानंतर वहिनी स्वतः येऊन मला सांगून गेल्या, "तुझी चारी हिरवी आहेत." 'तुझी' म्हणाल्या, पण रोज बघायला त्याच जात होत्या.

आता तुम्हाला लावायचं असेल तर कसं करा, ते सांगते.

बी घ्यायची ती वेलावरच पिवळंकेशरी होऊन आपोआप उकललेल्या फळाची. बाजारात मिळणाऱ्या हिरव्या कोवळ्या कर्टुल्यातलं बी कच्चं असतं, ते उगवत नाही. पण बाजार उठताना न विकली गेलेली पिकून पिवळी झालेली कर्टुली विक्रेत्या बाया स्वस्तात देतात, त्यातलं काळं, टणक झालेलं बी चालतं. आतला लाल गर राखेत चोळून धुवायचा, बी सावलीत वाळवायचं, आणि कोरड्या बरणीत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवून द्यायचं. त्याच हंगामात लावायची घाई करू नका, ते झोपेत असतं. आज तुमच्याकडे मागच्या वर्षीचं बी असेल तर हाच आठवडा आहे. बीची कड खरबरीत दगडावर घासा, किंवा नेलकटरने कवचाचा जरासा टवका काढा. आतला गर दुखावता कामा नये. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. फडकं रोज धुवा, नाहीतर बुरशी येते. टोक फुटलं की माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा. टोक फुटलं नाही तरी दहा-बारा दिवसांनी तसंच लावून टाका. काही पंधरा दिवसांत उगवतात, काही महिना घेतात. माझ्या एका पिशवीत दुसऱ्या वर्षी कोंब आला, मी त्यात तुळस लावून बसले होते!

चार-पाच पानं आली की अंगणात हलवायचं. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि कंद सडतो, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा आणि आळं वाटीसारखं नको, उंचवट्यासारखं करा. मोरीचं पाणी सतत जाईल अशी जागा नको. दोन वेलांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. मांडवाला तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या पुरतात, तारेचा खर्च करू नका. पहिल्या वर्षी फळाची आशा धरू नका. पहिलं वर्ष कंदाचं. फळमाशीचा त्रास या भाजीला होतो, डंख मारलेलं फळ वाकडं होऊन सडतं. अशी फळं उकिरड्यावर फेकायची नाहीत, खोल पुरायची, नाहीतर त्यातूनच पुढच्या माश्या निघतात. क्यू ल्यूरचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, गल्लीत दोन-तीन टांगले तरी फरक पडतो.

आणि खूण करा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वेल वाळला की अंगणात काहीच दिसत नाही, आणि कुणीतरी तिथेच चूल मांडतं नाहीतर खुंटा ठोकतं. आम्ही आधी मादीच्या खुंटीला तांबडी चिंधी आणि नराच्या खुंटीला पांढरी बांधली होती. पावसाने दोन्ही विटून सारख्याच झाल्या. आता मादीच्या जागेवर खुंटीत जुनी बांगडी अडकवतो, नराच्या जागेवर चुना लावलेला दगड ठेवतो.

नर-मादी कळल्यावर मग पुढची वाढ बियांतून नाही, कंदातून करायची. उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, चांगल्या मादी वेलाचा कंद काढून उभा चिरायचा, प्रत्येक तुकड्याला वरच्या बाजूचा डोळा आला पाहिजे. चिरलेल्या बाजूला राख लावायची, दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि लावायचं. मादीचा कंद मादीच देतो. सुधारित वाणही निघालं आहे, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचं इंदिरा कंकोडा-१. ते मिळालं तर चांगलंच, पण घेताना नर-मादीचं विचारून घ्या.

मग कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डोंगरातून कंदच उकरून आणू. नका आणू. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथून कंदमुळं खणून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि गायरानातला, बांधावरचा कंदही उकरू नका. आत्याबाईंची पाटी कशी रिकामी झाली ते मी तुम्हाला सांगितलंच.

आता आमच्या हिशेबाचं सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात खाऊन-वाटून अडतीस किलो कर्टुली विकली, आठवडी बाजारात १६० ते २०० रुपये किलोने. पावणेसात हजारांच्या आसपास आले. खूप नाहीत, पण तीन हजारांचं कर्ज व्याजासकट फिटलं आणि बैठकीत लोक माझ्याकडे परत बघायला लागले.

पण त्याआधी, त्या वर्षीच्या एप्रिलच्या बैठकीत, एक भांडण झालं होतं. नर वेल ठेवायचा कुणी? ज्या घरी नर, त्या घरी जागा जाणार, खत-पाणी जाणार, आणि फळ शेजारणीच्या मांडवाला लागणार. कुणी तयार होईना. सगळ्यांना बांगडीवाला वेल हवा, चुन्याचा दगड कुणाला नको. शेवटी आत्याबाईंनी तोडगा काढला, की विक्रीच्या पैशातला दहावा वाटा नर सांभाळणाऱ्या घराला. एकजण म्हणाली, "नराला कसला वाटा?" तर दुसरी म्हणाली, "घरोघरी देतोच की आपण, काम न करता!" सगळ्या हसल्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. चार नरांपैकी दोन वहिनींनी मागून घेतले. त्याच जागी, गोठ्यामागे. एक माझ्याकडे आहे, एक गल्लीच्या वरच्या टोकाला.

त्या बैठकीत वहिनींनी अजून एक गोष्ट सुचवली, तीही इतिवृत्तात आहे. आमच्या गटात कर्टुल्याच्या वेलाला वांझ म्हणायचं नाही. म्हणेल तिला पाच रुपये दंड. गेल्या हंगामात वीस रुपये जमले, त्यातले दहा आत्याबाईंचे. सत्तर वर्षांची जीभ आहे, वळायला वेळ लागतो.

यंदा आम्ही सहा फळं पिकायला राखली होती. बी भरपूर आहे, पण विकायचं नाही असं ठरलंय. तुमच्या गटाला हवं असेल तर मृगाच्या आत या, येताना रिकामी काडेपेटी आणा, वीस बिया देऊ. त्या बदल्यात तुमच्याकडचं कुठलंही गावरान बी द्या, वाल द्या, चवळी द्या, काहीही चालेल. आणि दिवसा येऊन वेल बघून जाऊ नका. संध्याकाळपर्यंत थांबा. दिवे लागले की वहिनी बॅटरी घेऊन निघतात, त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा.